न काढलेला चौकोन

रबाळ्याच्या एमआयडीसीत मागच्या गल्लीत मिथुन भोईरचा स्क्रीन प्रिंटिंगचा गाळा आहे. ट्रक वळवताना ड्रायव्हर हमखास शिव्या घालतो ती गल्ली. कारखान्यांच्या मशीनवर बटणांच्या बाजूला जे पॅनल असतात, त्यांवरचे आकडे, बाण, मीटरच्या बारीक खुणा हे मिथुनचं मुख्य काम. मधूनमधून स्टिकर, बॉक्स, निवडणुका आल्या की झेंडे. पण त्याचं नाव झालं ते पॅनलमुळे. एक रंग दुसऱ्या रंगाशेजारी असा बसवायचा की मध्ये केसाएवढी फट दिसता कामा नये, ही त्याची खासियत.

मिथुन मूळचा तळवलीचा. खाडीकाठची शेती सिडकोकडे गेली, बदल्यात आलेल्या प्लॉटवर इमारत उभी राहिली आणि थोरला भाऊ कुंदन भाडेकरू सांभाळत बसला. "तुला काय गरज हाय रं दिवसभर थिनर हुंगत बसायची?" असं कुंदन त्याला दर गणपतीला विचारायचा. मिथुन हसून सोडून द्यायचा. त्याला कागदावर उमटलेली स्वच्छ रेषा बघायला आवडायची, आणि हे भावाला सांगून कळण्यासारखं नव्हतं.

छापलेला कागद तपासायची त्याची एक पद्धत होती. कागद डोळ्याच्या पातळीला आडवा धरायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजव्या डोळ्याने रेषेवरून नजर लांबवर सोडायची, सुतार रंध्याखालची फळी बघतो तशी. मिथुनने मान हलवली की माल पास. गाळ्यात हाताखाली तेजस होता, त्याच्या मावसबहिणीचा मुलगा, मामाला दादाच म्हणणारा, तिशीला आलेला, हुशार आणि फटकळ. तोही या मान हलवण्याची वाट बघायचा.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर श्रुती गोगटे नावाची बाई गाळा शोधत आली. ऐरोलीला राहणारी, पूर्वी आयटी पार्कात मोबाइल अ‍ॅपची डिझाइनं करायची. ते सोडून ती आता चित्रं करत होती. तिने बॅगेतून एक मोठी पारदर्शक फिल्म काढून टेबलावर पसरली. मिथुनने बघितलं. नुसत्या काळ्या आडव्या रेषा, वरपासून खालपर्यंत, सारख्या अंतरावर. दुसरं काहीच नाही.

"हे चित्र?" तेजसच्या तोंडून निघून गेलं.

"छापून झाल्यावर बघा," श्रुती म्हणाली. "पन्नास प्रती हव्यात. प्रदर्शनासाठी. कागद मी आणलाय, सुती आहे, हाताने बनवलेला. जपून वापरा, परत मिळायला महिने जातात."

मिथुनला काम सोपं वाटलं. एकच रंग, सरळ रेषा. फ्रेमवरच्या जाळीतून शाई ओढून पहिला नमुना काढला, रॅकवर वाळत ठेवला, दोन पावलं मागे सरकला, आणि तिथेच थांबला. रेषांच्या मधोमध एक चौकोन होता. स्पष्ट, धारदार कडांचा, कागदापासून बोटभर वर उचलल्यासारखा. तो जवळ गेला तर चौकोन गायब. कडा कुठेच काढलेल्या नव्हत्या. मधल्या भागातल्या रेषा फक्त अर्ध्या घराने खाली सरकवल्या होत्या, बाहेरच्या दोन रेषांमधल्या मोकळ्या जागेत आतली रेषा. तेवढंच. बाकी चौकोन बघणाराच तयार करत होता.

"च्यायला," तेजस म्हणाला. "दादा, हलतंय हे."

खरंच हलत होतं. थोडा वेळ टक लावून बघितलं की रेषा पाण्यासारख्या थरथरायच्या. मधल्या पांढऱ्या जागेवर फिकट गुलाबी, मग हिरवट झाक चढायची, आणि पापणी लवली की उतरायची. शाई काळी, कागद पांढरा, तरी रंग दिसत होते. श्रुती खूश झाली. "मी काहीच हलवलेलं नाही. तुमचे डोळे हलवतायत. मला तेच हवंय."

मिथुनला ते चित्र आवडलंही आणि थोडं खटकलंही. आयुष्यभर त्याने रेषा जिथल्या तिथे ठेवायचं काम केलं होतं. ही बाई म्हणत होती, रेषा जागेवर राहून हलू दे.

काम सुरू झालं. पहिले काही कागद छान निघाले. मग एका सकाळी मिथुनने कागद डोळ्यासमोर धरला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. चौकोनाच्या मध्यभागी तीनचार रेषा खाली दबल्या होत्या. ओल्या कापडावर कुणी बोटाने हलकेच दाबावं, तशा.

"मेश ढिली पडलीय," तो म्हणाला.

तेजसने फ्रेमवरची जाळी बोटाने वाजवून बघितली. "ढोलकीसारखी वाजतेय दादा. घट्ट हाय."

"मी सांगतो ना, ढिली हाय. नवीन ताण."

नवीन फ्रेम ताणली. तिच्यावर पुन्हा फिल्म चढवली, दिव्याखाली धरली, धुतली, सुकवली. पुन्हा छापलं. रेषा दबलेल्याच. मिथुनने शाई बदलली, शाई ओढायची रबराची पट्टी घासून नवीन धार काढली, टेबलाखाली पाचर ठोकली. त्याच्या गाळ्यात नियम होता, बाद झालेला कागद ठेवायचा नाही, जागच्या जागी कापायचा, म्हणजे चुकून चांगल्यात मिसळत नाही. तो कागद कापत गेला. सुती कागद कापताना जड आवाज व्हायचा आणि तेजसचा चेहरा उतरायचा.

"दादा, मला तर सरळ दिसतंय."

"तुला दिसेल. तुझी नजर तेवढी तयार नाय."

"मग स्टीलची पट्टी लावून बघा ना."

मिथुनच्या कानशिलापाशी शीर उडाली. "पंचवीस वर्षं मी डोळ्याने माल पास केला. आता पट्टी लावू? तू शिकवणार मला?" त्याने हातातला कागद टेबलावर आपटला. तेजस बाहेर गेला आणि शेजारच्या टपरीवर बराच वेळ बसून राहिला.

शेवटी मिथुनने श्रुतीला बोलावून घेतलं. "मॅडम, तुमच्या फिल्ममध्येच दोष आहे. हे बघा, इथं, मध्ये. रेषा खाली बसल्यात."

श्रुतीने कागद खिडकीपाशी नेला, जवळून बघितला, लांबून बघितला. "कुठे? हां, हलतायत. ते हलणारच की."

"हलणं वेगळं. हे वाकलंय."

"कुणाला वाकलेलं दिसतं, कुणाला फिरल्यासारखं. माझ्या एका मैत्रिणीला तर मळमळलं. प्रत्येकाचं वेगळं असतं." ती हसली. "तुम्ही जास्त वेळ बघताय, मिथुनदादा. एवढा वेळ कुणीही बघितलं तर काहीही दिसेल."

हे ऐकून त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्या संध्याकाळी त्याने तेजसला स्वतःहून वडापाव आणून दिला. चित्रच तसं आहे, सगळ्यांनाच काहीतरी दिसतं. उरलेली एक बाद प्रत, कापायची राहून गेलेली, तो घरी घेऊन गेला. मनस्वीला, त्याच्या बारावीतल्या मुलीला, ती फार आवडली आणि तिने ती बाहेरच्या खोलीत भिंतीवर चिकटवून टाकली.

मिथुनची आई गोजराबाई सोफ्यावर पाय वर घेऊन शेंगा सोलत होती. तिने मान तिरकी करून चित्राकडे बघितलं. "मधी ती चौकट कोनी काढली रं?"

"कोणीच नाय काढली, आजी," मनस्वी म्हणाली. "तुझ्या डोळ्यांनी काढली."

"माजे डोले नाय काई कारीत," गोजराबाई म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडे वळली. सगळे हसले. मिथुनही हसला, पण त्याची नजर चित्रावरून निघेना. थरथर तर सगळीकडे होती. दबलेली जागा मात्र एकच होती, आणि तो जिथे बघेल तिथे ती येत होती. चौकोनाच्या कोपऱ्याकडे बघितलं की कोपऱ्यात, वरच्या कडेला बघितलं की वर. त्याने टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तेजस बाहेर गेल्यावर त्याने गाळ्याचं दार लोटलं आणि कपाटातून स्टीलची पट्टी काढली. चोरी करत असल्यासारखं वाटत होतं. त्याने छापलेला कागद टेबलावर सपाट ठेवला, पट्टी एका रेषेला लावली, डावा डोळा मिटला आणि वाकून बघितलं. रेषा आणि पट्टी एकमेकांना चिकटून होत्या. कुठेच फट नव्हती. म्हणजे रेषा सरळ. त्याने श्वास सोडला.

मग त्याचं लक्ष पट्टीच्या दुसऱ्या कडेकडे गेलं. पट्टी मध्यभागी खाली झुकली होती.

पोलादाची पट्टी. त्याने ती उचलली, उलटी केली, पुन्हा ठेवली. झुकलेलीच. बोटाने कडेवरून चाचपून बघितली, बोटाला सरळ लागली. मग त्याने उजवा डोळा मिटला आणि डाव्याने बघितलं. पट्टी सरळ, रेषा सरळ, चौकोन जागच्या जागी. पुन्हा डावा मिटला. उजव्या डोळ्यात पट्टी झुकली, आणि तिच्यावर चहाच्या डागासारखी एक मळकट गोल सावली बसली. त्याने डोळे बदलले, पुन्हा बदलले, पुन्हा बदलले. तो शाईच्या डब्यावर बसला.

कोपऱ्यात कापलेल्या कागदांचा ढीग होता. तो सगळा चांगला माल होता.

मिथुनच्या वडिलांची, वामन भोईरांची नजर साखरेने गेली होती. एकदम नाही, हळूहळू, वर्षाच्या आत. आधी ते म्हणायचे, बल्ब बदला, उजेड कमी हाय. मग म्हणायचे, चष्म्याच्या दुकानदाराने फसवलं. शेवटची सहा वर्षं ते ओट्यावर बसून पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखत होते. ओळख चुकली की हसायचे, आणि ते हसणं मिथुनला ऐकवायचं नाही. आता शाईच्या डब्यावर बसून त्याला कळलं की मेश ढिली आहे, फिल्ममध्ये दोष आहे, तेजसची नजर तयार नाही, हे सगळं आपणही त्यांच्यासारखंच म्हणत होतो.

त्याने कुणाला सांगितलं नाही. लगेच डॉक्टरकडे जायला हवं हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच तो गेला नाही. डॉक्टरने आजाराला नाव दिलं की ते खरं होईल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं. त्याऐवजी तो डाव्या डोळ्याने माल तपासू लागला. तेजसला नवल वाटलं, एकही कागद बाद होत नव्हता. "दादा, सेटिंग बसली वाटतं." मिथुन म्हणाला, "बसली." पण डाव्या डोळ्यावर त्याचा विश्वास नव्हता. तो पास केलेला कागद रॅकवरून पुन्हा काढायचा, पुन्हा बघायचा. हात धुवायला गेला की बेसिनमागच्या टाइल्सच्या सांध्यांकडे बघायचा. रस्त्यावर विजेच्या तारांकडे, समोरच्या इमारतीच्या ग्रिलकडे, पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यांकडे. जिथे सरळ रेषा दिसेल तिथे एक डोळा मिटून बघायचा. सारखी आशा, की आत्ता सरळ दिसेल. आणि नवी मुंबईत सरळ रेषांना तोटा नाही, सगळं शहरच पट्टीने आखलेलं.

घणसोलीच्या सिग्नलला एकदा त्याची स्कूटर पुढच्या रिक्षाला घासली. अंतर लांब वाटलं होतं. रिक्षावाला खाली उतरला. "काय रे, दिसत नाय काय?" रोजच्या भांडणातला रोजचा शब्द. मिथुनने माफी मागितली, पुन्हा मागितली, इतकी की रिक्षावालाच गोंधळून निघून गेला.

घरी तो जेवता जेवता भिंतीकडे बघायचा. एक डोळा मिटून, मग दुसरा. सुचिता, त्याची बायको, हे बघत होती. ती सोसायट्यांमध्ये डबे पुरवायची, माणसांच्या तोंडावरून त्यांचं पोट बिघडलंय की मन, हे तिला कळायचं. चारआठ दिवस ती गप्प राहिली. मग एका रविवारी सकाळी मनस्वी क्लासला आणि गोजराबाई देवळात गेल्यावर तिने गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"त्या बाईच्या चित्रात एवढं काय हाय?"

"कुठल्या बाईच्या?"

"डोला मारून बघता चित्राकडं. मी काय आंधली हाय का?"

त्या शब्दाने तो असा दचकला की सुचिताच घाबरली. ती काहीतरी वेगळंच मनात धरून बसली होती, रागवायची तयारी करून आली होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघून ते सगळं तिच्या हातून गळून पडलं.

"काय झालं? अवो, काय झालं?"

"मला वाकडं दिसतं," मिथुन म्हणाला. बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. "उजव्या डोल्याने. सगलं वाकडं दिसतं. बाबांसारखं होणार माझं."

सुचिताने एक क्षण डोळे मिटले. मग तिचा आवाज चढला. "आनि तुमी स्कूटर चालवता? पोरीला मागं बसवून?" ती उठली, रागारागाने फोन शोधला, ओळखीत एकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं तिला विचारलं, आणि सोमवारी सकाळी दोघं वाशीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसली होती. रिक्षाने गेली. सुचिताने स्कूटरची चावी आपल्या पर्समध्ये टाकली होती.

डोळ्यांत थेंब घातल्यावर मिथुनला जवळचं काहीच दिसेना. हातातला केसपेपर, सुचिताची बांगडी, स्वतःच्या तळहाताच्या रेषा, सगळं धुकट. म्हणजे असं होणार, त्याला वाटलं. असंच. त्याने सुचिताचा हात घट्ट धरला. तिच्या हातालाही घाम होता.

डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन झाल्यावर त्यांनी संगणकावर चित्र दाखवलं. डोंगराच्या रांगेसारखे थर, आणि मधोमध एक फुगवटा, खाली काळी पोकळी.

"हे पाणी आहे. पडद्याच्या मागे साठलंय. पडदा इथे उचलला गेलाय, म्हणून तुम्हाला सरळ गोष्ट वाकडी दिसते. शुगर आहे?"

"वडिलांना होती."

"तुमची तपासून घेऊ. पण हे शुगरचं दिसत नाही. झोप कशी आहे?"

"नाय येत."

"पूर्वीपासून?"

मिथुनने विचार केला. "आता दोन महिने जास्त."

"कुठलं स्टेरॉइड चालू आहे का? गोळी, इंजेक्शन, दम्याचा पंप?"

"नाय, काहीच नाय."

"हातावर काय लावता मग?" सुचिता मध्येच म्हणाली. डॉक्टरांनी वर बघितलं. थिनरने मिथुनच्या हातांची कातडी फाटायची, खाज सुटायची. वर्षानुवर्षं तो मेडिकलमधून एक मलम आणून रोज रात्री चोळून लावायचा, लोशन लावावं तसं. सुचिताने फोनमधला फोटो मोठा करून दाखवला. संपलेल्या ट्यूबचा होता, नवीन आणायची म्हणून काढलेला.

डॉक्टरांनी नाव वाचलं आणि मान हलवली. "यात स्टेरॉइड आहे, आणि चांगलं तीव्र आहे. याच्यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. पण हे बंद करायचं. हळूहळू कसं सोडायचं ते त्वचेच्या डॉक्टरांना विचारून करा, आणि हातमोजे घालून काम करा. बहुतेकांचं हे पाणी तीनचार महिन्यांत आपोआप शोषलं जातं."

"आणि नाय शोषलं तर?"

"तर उपाय आहेत. तेव्हा बघू."

"आंधळा होईन का?"

"असं सहसा होत नाही."

सहसा. मिथुन त्या एका शब्दाला धरून बसला. डॉक्टर पुढे म्हणाल्या, "झोप घ्या. टेन्शन कमी करा. टेन्शननेही हे वाढतं." सुचिताला हसू आलं आणि ते लपवायला तिने पदर तोंडाला लावला. या माणसाला टेन्शन घेऊ नका सांगणं म्हणजे त्याला आणखी एक टेन्शन देणं, हे तिला ठाऊक होतं. खरंच, घरी जाताना रिक्षात तो म्हणाला, "मी टेन्शन घेतोय का, हेच कलत नाय मला आता."

मंगळवारी त्याने गाळ्यात तेजसला समोर बसवलं. काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं, पण सगळं विसरला. "मेश घट्ट होती," तो म्हणाला. "फिल्म पण बरोबर होती. माझा डोळा गेलाय. म्हणजे गेला नाय, पाणी झालंय. तुझं बरोबर होतं."

तेजसला राग आला असता तर मिथुनला सोपं गेलं असतं. तो नुसता कोपऱ्यातल्या ढिगाकडे बघत राहिला. "कागद किती गेला दादा..." मग त्याला स्वतःच्या बोलण्याची लाज वाटली. "पाणी उतरेल ना पण?"

"उतरेल म्हणतात."

श्रुतीला सांगणं जास्त जड गेलं. ती आली, ऐकलं, कापलेले कागद हातात घेऊन दोन्ही तुकडे जुळवून बघितले. तिचं नाक लाल झालं. प्रदर्शनाची तारीख ठरलेली होती, नवीन कागद येण्यासारखा नव्हता. "तुम्ही मला विचारलं होतं," ती शेवटी म्हणाली. "वाकलंय म्हणालात. आणि मी हसले."

"तुमाला कसं कळणार? चित्रच तसं."

मग श्रुती म्हणाली, "तुम्हाला नेमकं कसं दिसतं? म्हणजे, काढून दाखवाल का? या रेषांवर? मला वाटतं त्यातून एक..."

"नाय." मिथुनचा आवाज एवढा करडा निघाला की तेजसने मान वर केली. "ते चित्र नाय मॅडम. आजार आहे माझा."

श्रुतीचा चेहरा खर्रकन उतरला. "सॉरी," ती म्हणाली. "खरंच सॉरी." ती मनापासून म्हणत होती, हे मिथुनला दिसलं. त्याने तेजसला चहा सांगायला पाठवलं आणि पास झालेल्या प्रती आणि उरलेले कोरे कागद मोजायला घेतले. पन्नास प्रती होणार नव्हत्या. तीसएक होतील, असं ठरलं.

राहिलेल्या प्रती तेजसने ओढल्या. मिथुन हातमोजे घालून कागद पुरवत होता, सवय नसल्याने बोटं जाड वाटत होती. पहिला कागद निघाला. तेजसने तो नेहमीप्रमाणे उचलून मिथुनसमोर धरला आणि मान हलायची वाट बघत उभा राहिला.

मिथुनने बघितलं. दोन्ही डोळ्यांनी बघितलं तरी मध्ये काहीतरी डुचमळत होतं. त्याला वाटलं, उजवा मिटावा, डाव्याने खात्री करावी. हात वर गेलाही. पण किती दिवस असं करणार? आणि उद्या डावाही दगा देऊ लागला तर?

"तू बघ," तो म्हणाला.

"मी?"

"पट्टी लाव, काय पण कर. तू बघून सांग."

तेजसने खरंच पट्टी लावली. वर, खाली, मध्ये. कागद आडवा धरून नजर सोडली. त्याला वेळ लागत होता आणि तेवढा वेळ मिथुन जमिनीकडे बघत उभा होता. "ओके आहे," तेजस म्हणाला. जरा थांबून, "माझ्या मते."

"रॅकवर ठेव मग."

दिवसभर असंच चाललं. मिथुनला प्रत्येक कागद वाकडा दिसत होता आणि प्रत्येक कागद तो रॅकवर जाऊ देत होता. संध्याकाळी त्याची पाठ आखडली होती. मार लागल्यासारखा तो घरी जाऊन न जेवता झोपला, आणि कित्येक दिवसांनी सकाळपर्यंत उठला नाही.

प्रदर्शनाला भोईरांकडून सुचिता आणि मनस्वी गेल्या. मिथुन गेला नाही. रेषांनी भरलेल्या खोलीत उभं राहायची त्याची हिंमत झाली नाही, आणि मनस्वीनेही आग्रह केला नाही. तिने परत येऊन सांगितलं की लोक चित्रासमोर पुढेमागे होत होते, चौकोन शोधत होते, एक आजोबा तर कडेवर बोट फिरवायला निघाले. मिथुन ऐकत राहिला. "रेषा कशा होत्या?" एवढंच त्याने विचारलं.

"सरळ, बाबा."

पाणी तीन महिन्यांत उतरलं नाही. पाचवा महिना लागला तेव्हा स्कॅनमधला फुगवटा निम्मा झाला, मग हळूहळू बसला. तोपर्यंत प्रत्येक स्कॅनच्या आदल्या रात्री सुचितालाही झोप लागत नव्हती. आता उजव्या डोळ्याला रंग थोडे धुतल्यासारखे दिसतात. लाल शाई ताजी असली तरी त्याला जुनी वाटते. सरळ रेषेत मध्ये बारीकशी लचक उरली आहे, ती बहुधा राहील, असं डॉक्टर म्हणाल्या. पुन्हा होऊ शकतं, असंही म्हणाल्या. रोज सकाळी एकेक डोळा मिटून त्यांनी दिलेल्या, बारीक चौकटी आखलेल्या कार्डाकडे बघायचं आणि काही बदललं तर लगेच यायचं. कार्ड त्याने आरशाला चिकटवलंय. दाढी करायच्या आधी तो तिथे उभा राहतो. कधीकधी बघून झालं तरी हलत नाही, पुन्हा बघतो. मग बाथरूमचं दार वाजतं आणि मनस्वी ओरडते की तिला कॉलेजला उशीर होतोय.

गाळ्यात शेवटची तपासणी आता तेजसची. मिथुन शाई मिसळतो, लालच्या बाबतीत तेजसला विचारून घेतो. फ्रेमवर जाळी मात्र तोच ताणतो, कारण तिथे डोळ्यापेक्षा अंगठ्याला जास्त कळतं. परवा दिघ्याच्या एका कारखान्याचं पॅनलचं काम आलं, बारीक खुणांचं. पहिला नमुना निघाला तेव्हा कारखान्याचा मालक तिथेच होता, त्याने तो सवयीने तपासायला मिथुनच्या हातात दिला.

"त्याला दाखवा," मिथुन म्हणाला आणि नमुना तेजसकडे सरकवला. मग राहवलं नाही म्हणून त्याच्या खांद्यावरून वाकून त्याने स्वतःही बघितलं.